रिस्टोअर केलेल्या गाडीचं पॉवर स्टीअरिंग ढिलं वाटतंय? दोष असा शोधा

बॉल जॉइंट नवे, टाय रॉड एंड नवे, सस्पेन्शनचे बुश नवे, स्टीअरिंग बॉक्स (व्हीलच्या फिरण्याने चाकं वळवणारी गिअरपेटी) ओव्हरहॉल करून आणलेला. तरीही सरळ रस्त्यावर गाडी सतत सांभाळत चालवावी लागते. रिस्टोअर केलेल्या गाड्यांची ही अगदी नेहमीची तक्रार आहे. तिच्यावर पहिला इलाजही ठरलेला असतो: बॉक्सच्या झाकणावरचा ॲडजस्टिंग स्क्रू पिळायचा. माझा या सवयीला सक्त विरोध आहे. त्या स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये येतच नाही.

वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत ढिलेपणा म्हणजे झीज. पूर्ण खोलून पुन्हा जोडलेल्या गाडीत मात्र तो बहुतेक वेळा जुळणीतून येतो. बोल्टखाली राहिलेला रंगाचा जाड थर, मध्यापासून सरकलेला बॉक्स, चाकं लोंबकळत असताना आवळलेले बुश, नीट न बसलेला टेपर (सांध्याच्या पिनचा निमुळता भाग) अशी ती कारणं असतात. पार्ट नवा आहे म्हणून त्याला संशयितांच्या यादीतून वगळू नका. तपासाचा एक क्रम ठरवा आणि तो मोडू नका.

आधी तक्रार नीट ओळखा

‘स्टीअरिंग ढिलं आहे’ या एका वाक्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे खरा प्ले. स्टीअरिंग व्हील थोडं फिरतं आणि तेवढ्यात चाकं हलत नाहीत.

दुसरी म्हणजे गाडीचं भरकटणं. व्हील हलवताच चाकं लगेच वळतात, पण गाडी आपली लाइन धरत नाही. हा बहुतेक वेळा अलाइनमेंटचा, टायरचा किंवा मागच्या ॲक्सलचा प्रश्न असतो.

तिसरी म्हणजे अतिहलकेपणा, आणि तो मुळात दोषच नसेल. विक्रीच्या गाडीत पॉवर स्टीअरिंग पहिल्यांदा आलं ते १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. त्यानंतरच्या दोन दशकांत अनेक अमेरिकन गाड्यांचं स्टीअरिंग मुद्दाम एका बोटाने फिरेल इतकं हलकं ठेवलेलं असे. आजच्या गाडीतून उतरून अशा गाडीत बसलं की हाताला काही लागतच नाही आणि ते ढिलं आहे असं वाटतं. म्हणून आधी मोजमाप घ्यायचं.

प्ले मोजा

टायरमध्ये योग्य हवा भरा, गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकं सरळ ठेवा. इंजिन चालू ठेवायचं आहे, त्यामुळे हे काम उघड्यावर करा. गिअर न्यूट्रलला किंवा पार्कला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे.

इंजिन चालू का, तर बहुतेक इंटिग्रल पॉवर बॉक्समध्ये (ज्यांत तेलाच्या दाबाची मदत बॉक्सच्या आतच मिळते) इनपुट शाफ्टच्या आत टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा बारीक दांडा असतो. तो थोडा पिळला गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा दाब योग्य बाजूला जातो. इंजिन बंद असेल तर ही पिळण हाताला सरळ प्लेसारखी लागते. अनेक चांगल्या बॉक्सना केवळ यामुळे ‘झिजलेला’ असा शेरा मिळतो.

स्टीअरिंग व्हीलच्या कडेला मास्किंग टेप चिकटवा. डॅशबोर्डवर ताठ तारेचा तुकडा असा बसवा की त्याचं टोक टेपजवळ येईल. मदतनीस पुढच्या टायरकडे बघत बसेल. तुम्ही एका बोटाने व्हील हळूहळू डावीकडे न्या. टायर हलायला लागला की त्याने सांगायचं, तुम्ही टेपवर खूण करायची. मग तसंच उजवीकडे. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा प्ले. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण धरा. माझ्या मते प्ले २५ मिमीपर्यंत पोचला तर शोध सुरू करावा, आणि ५० मिमीच्या आसपास असेल तर गाडी रस्त्यावर काढू नये.

आता एक हिशेब, कारण पुढचा सगळा तपास त्याच्यावर उभा आहे. समजा स्टीअरिंग व्हीलचा व्यास ४०६ मिमी, म्हणजे १६ इंच. परीघ झाला सुमारे १२७५ मिमी. कडेवरचा २५ मिमी प्ले म्हणजे साधारण ७ अंश. बॉक्सचं गुणोत्तर १६:१ असेल तर बॉक्समधून खाली निघणाऱ्या पिटमन शाफ्टपाशी ते ०.४४ अंश उरतात. त्या शाफ्टवरचा पिटमन आर्म १५० मिमी लांब असेल तर त्याच्या टोकाला हा सगळा प्ले भरतो जेमतेम १.१५ मिमी! चार सांध्यांत प्रत्येकी ०.३ मिमी ढिलाई असली की काम झालं. सुटा पाहिला तर त्यातला एकही सांधा खराब वाटणार नाही. म्हणूनच ‘सगळं बघितलं, काहीच सापडलं नाही’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं. डोळ्यांनी बघून भागत नाही, प्रत्येक सांध्याला हात लावावा लागतो.

दोघांनी करायची तपासणी

गाडीचं वजन चाकांवरच ठेवा. खाली शिरायला जागा हवी असेल तर ड्राइव्ह-ऑन रॅम्प किंवा पिट वापरा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. मदतनीस इंजिन चालू ठेवून व्हील थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं एका लयीत हलवत राहील, चाकं अगदी किंचित हलतील इतकंच. तुम्ही वरून खाली एकेक जोड तपासत जायचं. बोटं पंखा, बेल्ट आणि हलणाऱ्या लिंकेजच्या (बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांच्या) मधे जाणार नाहीत याची काळजी घ्या.

सुरुवात कॉलमपासून, म्हणजे व्हील ज्यावर बसतं त्या नळीपासून. व्हील वर-खाली आणि डावी-उजवीकडे ढकलून बघा. सगळा कॉलमच हलत असेल तर वरचं बेअरिंग, डॅशखालचा ब्रॅकेट किंवा टिल्ट कॉलम असेल तर त्याच्या पिव्हटचे स्क्रू ढिले आहेत.

मग कॉलम आणि बॉक्समधलं रबर कपलिंग. कॉलमच्या शाफ्टवरून बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर खडूने एक सरळ रेघ ओढा. व्हील हलवताना रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकताना दिसले तर कपलिंग मऊ झालं आहे किंवा त्याचा क्लॅम्प बोल्ट ढिला आहे. पॉवर स्टीअरिंगचं तेल गळून या रबरावर पडत राहिलं की ते फुगतं आणि सुटायला लागतं. नवं कपलिंग टाकण्याआधी गळती बंद करा.

तिथेच बोट ठेवून आणखी एक गोष्ट बघा. इनपुट शाफ्ट नुसता फिरतोय, की फिरताना बॉक्समध्ये आत-बाहेरही होतोय? आत-बाहेर होत असेल तर वर्मच्या (बॉक्सच्या आतल्या स्क्रूसारख्या गिअरच्या) थ्रस्ट बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवताना दिलेला दाब, गेलेला आहे. अशा बॉक्सवर झाकणाचा स्क्रू कितीही पिळला तरी फरक पडणार नाही.

आता खाली. पिटमन शाफ्ट फिरण्याऐवजी बाजूला डुलत असेल तर त्याचे बुश किंवा बेअरिंग गेलं आहे, खालच्या सीलमधून होणारी गळती याला दुजोरा देते. मग पिटमन आर्म ते सेंटर लिंक (मधली आडवी दांडी), आयडलर आर्म (तिचं दुसरं टोक फ्रेमला धरणारा आर्म), आतले टाय रॉड एंड, बाहेरचे टाय रॉड एंड (चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे). प्रत्येक सांध्यावर बोट असं आडवं ठेवा की त्याचा अर्धा भाग सॉकेटवर आणि अर्धा पिनवर टेकेल. दोन्ही भाग एकदम हलले तर सांधा ठीक. एक आधी हलला आणि दुसऱ्याने बारीक ‘टक्’ करत मागून साथ दिली, तर प्ले तिथे आहे. डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला कळतो.

आयडलर आर्मकडे खास लक्ष द्या, कारण त्याचा ढिलेपणा आडवा नसून उभा असतो. लिंकेजचं ते टोक वर-खाली गेलं की चाकांचा टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बदलतो आणि गाडी खड्ड्यागणिक दिशा सोडते. त्याला वर-खाली सुमारे ११ किलोचा जोर द्या. अनेक जुन्या जनरल मोटर्स गाड्यांची मर्यादा प्रत्येक दिशेला ३ मिमीच्या आसपास आहे. पान्याची तरफ लावून जोर केला तर चांगला आर्मही हलेल, म्हणून स्प्रिंगकाटा वापरा.

नवे टाकलेले सांधे तपासताना टेपरचा संशय घ्या. बदली पार्टचा टेपर मूळ भोकाशी जुळला नाही, तर नट पूर्ण आवळूनही पिन आतल्या आत डुलते. पिन काढा, टेपरवर मार्करच्या शाईचे उभे पट्टे ओढा, पिन भोकात दाबून थोडी फिरवा आणि बाहेर काढून बघा. शाई सगळ्या लांबीवर घासली गेली पाहिजे. फक्त वर किंवा फक्त खाली घासली असेल तर तो पार्ट परत करा. तसंच कॅसल नटची खाच स्प्लिट पिनच्या भोकासमोर येत नसेल तर नट पुढे आवळा, मागे सोडू नका.

चाक उचलून

गाडी जॅकने उचला, स्टँडवर टेकवा आणि चाक हाताने हलवा. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरल्यावर प्ले जाणवला तर तो टाय रॉड, आयडलर किंवा बॉक्सचा. १२ आणि ६ च्या जागी जाणवला तर व्हील बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. बॉल जॉइंटऐवजी किंगपिन (उभी पिन) असलेल्या गाडीत किंगपिनचा. यातला गोंधळ एका युक्तीने सुटतो: मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन.

जॅक कुठे लावला यावर निकाल अवलंबून असतो. कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर आधार त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ हवा. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल, जसं १९६० च्या दशकातल्या मस्टँगमध्ये आहे, तर गाडी फ्रेमखालून उचलायची आणि वरच्या आर्मखाली ठोकळा घालायचा. स्प्रिंगचा भार जॉइंटवर राहिला तर झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो.

जुन्या टेपर रोलर व्हील बेअरिंगची नेहमीची पद्धत अशी: चाक फिरवत नट हलक्या टॉर्कने आवळायचा, म्हणजे रोलर बसतात. मग नट सोडून फक्त बोटांनी घट्ट करायचा आणि पिनची खाच जुळवायला लागेल तेवढाच मागे घ्यायचा. इथे नियम टेपर पिनच्या उलट आहे. ०.०२५ ते ०.१३ मिमी एंड-प्ले (आत-बाहेरची हालचाल) राहणं योग्य मानतात. डायल गेज असेल तर मोजा.

रंगाखाली दडलेला ढिलेपणा

बॉक्सचे फ्रेमवरचे बोल्ट ही रिस्टोरेशनमधली माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा. पावडर कोटिंगचा किंवा जाड रंगाचा थर दोन धातूंच्या मधे राहिला की काही आठवड्यांत तो दाबला जातो आणि बोल्टचा ताण उतरतो. बोल्ट जागच्या जागी असतात, बघायला घट्ट असतात, पण बॉक्स प्रत्येक वळणाला केसभर सरकतो. मदतनीस व्हील हलवत असताना बॉक्स आणि फ्रेमच्या फटीवर बोट ठेवा. हालचाल लागली तर बॉक्स काढा, दोन्ही पृष्ठभाग धातूपर्यंत साफ करा, गंज धरू नये म्हणून प्रायमरचा अगदी पातळ हात द्या आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने बोल्ट आवळा. बॉक्स उतरलेला असतानाच बोल्टच्या भोकांभोवती फ्रेमला तडे आहेत का हे उजेड धरून बघा. रंगावर उमटलेली केसासारखी रेघही सोडू नका. अशा तड्यावर कामचलाऊ वेल्डिंग नको, चासीचं काम जाणणाऱ्या वेल्डरकडेच द्या.

आयडलर आर्मच्या ब्रॅकेटलाही हेच सगळं लागू आहे.

बॉक्स मध्यावर आहे का?

इथे थोडं थांबू या, कारण नव्या पार्टच्या गाडीतला ढिलेपणा मला सगळ्यात जास्त इथेच सापडतो.

रिसर्क्युलेटिंग बॉल बॉक्समध्ये सेक्टरचे (पिटमन शाफ्टवरच्या गिअरचे) आणि बॉल नटचे (वर्मवर गोळ्यांच्या आधाराने सरकणाऱ्या नटचे) दाते मुद्दाम असे कापलेले असतात की अगदी मध्यावर ते किंचित घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल होतात. सरळ जाताना प्ले नको आणि वळताना मोकळेपणा हवा, म्हणून ही रचना. आता बघा काय होतं. गाडी जोडताना टाय रॉडच्या स्लीव्ह (लांबी कमी-जास्त करणाऱ्या नळ्या) डावी-उजवी असमान बसतात. अलाइनमेंट करणारा चाकं सरळ करतो, तेव्हा व्हील तिरकं दिसतं. मग कोणीतरी व्हील काढून स्प्लाइनवर एक-दोन दाते फिरवून सरळ बसवतो. दिसायला सगळं बरोबर, पण गाडी सरळ जाताना बॉक्स मध्याच्या बाजूला, म्हणजे सैल भागात चालत राहतो. स्टीअरिंगवरचा टर्न सिग्नलचा कॅम नीट सुटत नसेल तर व्हील असं फिरवलं गेल्याची शक्यता वाढते.

काहीही न खोलता अंदाज घेता येतो. इंजिन चालू ठेवून प्ले सरळ स्थितीत मोजा, मग व्हील पाव वळसा डावीकडे नेऊन आणि तसाच उजवीकडे नेऊन मोजा. सरळ स्थितीत सगळ्यात कमी आणि दोन्हीकडे सारखा वाढत असेल तर बॉक्स मध्यावर आहे. एकाच बाजूला प्ले कमी होत असेल तर मध्य त्या बाजूला सरकलेला आहे. दोन्ही बाजूंना कमी आणि मध्यावर जास्त असेल तर दाते मध्यावर झिजले आहेत. अशा बॉक्सचा स्क्रू आवळला की वळताना तो अडकायला लागेल.

खात्री करायची तर पिटमन आर्म लिंकेजपासून सोडवा. व्हील एका टोकापर्यंत हळू न्या, टोकावर आपटू नका. मग दुसऱ्या टोकापर्यंतचे वळसे मोजा आणि त्याच्या अर्ध्यावर परत या. लिंकेज जोडलेलं असताना ही मोजणी फसवते, कारण तेव्हा वळण बॉक्समधल्या नाही तर सस्पेन्शनवरच्या स्टॉपवर अडतं. हा झाला बॉक्सचा मध्य. या स्थितीत व्हील सरळ बसवा, शाफ्टवर खूण करा. यानंतर व्हील सरळ दिसण्यासाठी ते पुन्हा काढायचं नाही. जे काही जुळवायचं ते दोन्ही टाय रॉडच्या स्लीव्ह फिरवून.

आता तो स्क्रू

इथपर्यंत सगळं तपासून झालं असेल, बॉक्स मध्यावर असेल आणि प्ले पिटमन शाफ्टपाशीच सुरू होतोय हे दिसलं असेल, तरच स्क्रूला हात लावा. पिटमन आर्म सोडवलेला, इंजिन बंद. आधी थ्रस्ट बेअरिंगचा प्रीलोड, मग सेक्टरचा, हा क्रम उलटा करू नका. व्हीलच्या नटवर इंच-पौंडात मोजणारा टॉर्क रेंच लावून व्हील मध्यावरून नेताना लागणारा जोर बघा. ही मापं अगदी छोटी असतात, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. स्क्रू धरून ठेवून लॉकनट सोडा, आठवा हिस्सा वळसा द्या, पुन्हा मोजा. कोणत्या दिशेला फिरवल्यावर घट्ट होतो हे बॉक्सप्रमाणे बदलतं, मॅन्युअल उघडून खात्री करा. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून शेवटी आणखी एकदा मोजा.

जास्त घट्ट केलं तर वळणानंतर व्हील आपोआप परत येत नाही आणि दाते झपाट्याने झिजतात. असं स्टीअरिंग थोड्या ढिल्या स्टीअरिंगपेक्षा धोक्याचं आहे.

लिंकेजवर व्हॉल्व्ह असलेल्या गाड्या

१९६० च्या दशकातली मस्टँग, १९६३ ते १९८२ मधली कॉर्व्हेट अशा गाड्यांमध्ये साधा बॉक्स असतो, आणि मदत करणारा सिलिंडर व कंट्रोल व्हॉल्व्ह लिंकेजवर बसवलेले असतात. व्हॉल्व्हच्या आतला बॉल स्टड झिजला की ठळक प्ले येतो आणि तो बाहेरून टाय रॉडचा वाटतो. सिलिंडरच्या फ्रेमकडच्या टोकाचे रबर बुशही बघा, ते गेले की दिशा बदलताना ‘खट्’ आवाज येतो. पुढची चाकं हवेत ठेवून इंजिन चालू केल्यावर स्टीअरिंग आपोआप एका बाजूला जायला लागलं तर व्हॉल्व्हचा स्पूल (तेलाची दिशा ठरवणारा सरकता दांडा) मध्यावर नाही. त्याचा नट मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या. ही चाचणी करताना स्पोकमध्ये हात घालू नका.

पंप निर्दोष आहे

तेलाला दाब देणाऱ्या पंपामुळे प्ले येत नाही. बेल्ट सैल असेल तर किंचाळतो आणि पार्किंगमध्ये स्टीअरिंग झटके देतं. तेल कमी असेल किंवा त्यात हवा असेल तर गुरगुर होते, टाकीत फेस दिसतो. हवा काढायला चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून व्हील दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा आणि तेलाची पातळी राखत राहा. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच.

प्ले नाही, तरी गाडी भरकटते

मग अलाइनमेंट. जुन्या मॅन्युअलमधले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या) टायरसाठी लिहिलेले आहेत. अनेक गाड्यांना कॅस्टर (बाजूने बघता चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) शून्याच्या आसपास, काहींना ऋणसुद्धा दिलेला असे, म्हणजे पार्किंगला जोर कमी लागायचा. पॉवर स्टीअरिंगला त्याची गरज नसते. रेडियल टायर असतील आणि सस्पेन्शनमध्ये वाव असेल, तर दोन्हीकडे सारखा, अधिक २ ते ३ अंशांच्या आसपास कॅस्टर ठेवल्याने गाडी सरळ धरण्यात मोठा फरक पडतो. टो-इन (चाकं पुढून किंचित आत) रेडियलला साधारण १/१६ इंच पुरतो. टो-आउट (चाकं पुढून बाहेर) असलेली गाडी तर दोन्हीकडे उडी मारायला बघते. बायस-प्लाय आणि रेडियल एकाच गाडीवर मिसळू नका.

कंट्रोल आर्मच्या रबर बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळलेले हवेत. लोंबकळत्या आर्मवर आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. स्ट्रट रॉडचे बुश मऊ असतील तर ब्रेक लावताच कॅस्टर बदलतो आणि गाडी बाजूला जाते.

मागचा ॲक्सल विसरू नका. पाट्यांच्या स्प्रिंगचे शॅकल बुश गेले किंवा यू-बोल्ट ढिले राहिले की ॲक्सल तिरका होतो आणि मागची चाकं गाडी वळवायला लागतात. ड्रायव्हरला मात्र हातात ढिलेपणाच जाणवतो. मागच्या बोल्टवर पाना फिरवायला दहा मिनिटं लागतात, ती अलाइनमेंटच्या आधी द्या.

दुरुस्तीनंतर टेपवरची खूण पुन्हा घ्या आणि दोन्ही मापं तारखेसह लिहून ठेवा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर बॉक्सचे, आयडलरचे आणि कपलिंगचे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा. नवा रंग, नवी रबरं आणि नवे टेपर तोपर्यंत बसलेले असतात. त्यानंतर माप पुन्हा वाढलेलं दिसलं तर लिंकेजपासून सुरुवात करायची गरज नाही, थेट बॉक्सच्या बोल्टवर बोट ठेवा.